जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचा पट आणि गुणवत्ता कशी वाचावी

गावातली जिल्हा परिषदेची शाळा कशी आहे, असे कोणी विचारले की उत्तर बहुधा एकाच आकड्यात मिळते: यंदा शिष्यवृत्तीला इतकी मुले पात्र ठरली. हा आकडा खरा असतो, पण तो कोणत्या मुलांचा आहे हे कळेपर्यंत त्यावरून काहीच ठरवता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीवर नव्याने आलेल्या सदस्यांना आणि पहिलीत मूल घालण्याच्या विचारात असलेल्या पालकांना म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे आहे, की आधी शाळेचा पट वाचावा आणि निकालाकडे त्यानंतर वळावे.

सुरुवात शाळेच्या यू-डायस क्रमांकापासून, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातल्या तिच्या ओळख क्रमांकापासून, करावी. हा क्रमांक 11 अंकी असतो, महाराष्ट्रातल्या शाळांसाठी त्याची सुरुवात 27 या अंकांनी होते, आणि तो मुख्याध्यापकांकडे सहज मिळतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर तो टाकला की इयत्तावार मुले-मुली, शिक्षकांची संख्या, वर्गखोल्या आणि स्वच्छतागृहे यांची माहिती दिसते. एकाच वर्षाची माहिती पाहून थांबू नये. मागच्या पाच वर्षांचे आकडे घेऊन एका कागदावर आडव्या ओळीत इयत्ता आणि उभ्या ओळीत वर्षे असा तक्ता मांडावा, आणि तो तिरका वाचावा. 2020-21 मध्ये पहिलीत असलेली तुकडी 2024-25 मध्ये पाचवीत दिसते. समजा, पहिलीत 18 मुले होती आणि पाचवीत 11 उरली, तर मधली 7 मुले कुठे गेली, हा पहिला खरा प्रश्न हाती येतो.

त्याचे उत्तर जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे मुले शाळेत दाखल झाल्याच्या आणि शाळा सोडल्याच्या नोंदवहीत, असते. शाळा सोडल्याचा दाखला देताना कारण नोंदवले जाते. मुख्याध्यापकांबरोबर बसून ती कारणे मोजून घ्यावीत. कुटुंबाने गाव सोडले असेल तर तो शाळेचा दोष नव्हे. मुले तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेली असतील, तर फी आणि गाडीभाडे परवडणाऱ्या घरांतली मुले गेली आणि न परवडणाऱ्या घरांतली मागे राहिली, असे झाले असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी शाळेचा सरासरी निकाल खाली येतो, पण वर्गात शिकवणे बिघडले असा त्याचा अर्थ होत नाही. मुलगे आणि मुली यांचे आकडेही वेगळे पाहावेत. पटावर मुलींची संख्या मुलांपेक्षा ठळकपणे जास्त असेल, तर गावातले पालक फी कोणासाठी भरतात, याची चौकशी समितीने अवश्य करावी.

पट आणि हजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरू नये. शासनाने ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी केली, तेव्हा अनेक शाळांत कागदावरची मुले आणि वर्गातली मुले यांत मोठी तफावत आढळली होती. पण तफावत दिसली की तिथे लबाडीच असते, असेही नाही, आणि या मुद्द्यावर थोडे थांबणे गरजेचे आहे. 30 सप्टेंबरचा पट हा संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला शिक्षक किती मिळणार हे ठरवण्यासाठी, फार महत्त्वाचा मानला जातो. बीडसारख्या जिल्ह्यातली ऊसतोड कामगारांची मुले त्या दिवशी वर्गात असतात. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि आईवडिलांबरोबर मुलेही जातात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पटावर मूल वर्षभर आहे, पण त्याचे शिकणे वर्षाच्या मधोमध तुटलेले आहे. अशा गावात हजेरीपटावरून महिनावार सरासरी काढावी. नोव्हेंबर ते मार्च या काळात ती किती घसरते, ते पाहावे. आणि त्या काळात मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय झाली होती का, ती वेळेवर सुरू झाली का, हे विचारावे. टोळ्या गेल्यावर महिनाभराने सुरू झालेले वसतिगृह त्या मुलांच्या काय उपयोगाचे?

यानंतर घरच्या भाषेची नोंद घ्यावी. ती बहुतेक तक्त्यांत सापडत नाही, पण वर्गशिक्षकांना ठाऊक असते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारमध्ये भिली किंवा पावरी बोलणारे मूल पहिलीत येते, तेव्हा ते मराठी वाचायला आणि मराठी समजायला एकाच वेळी शिकत असते. दुसरीअखेरच्या त्याच्या वाचनाची तुलना मराठी घरातल्या मुलाशी केली, तर आपण शाळेचे नव्हे, घराच्या भाषेचे मोजमाप करतो.

शिक्षकांचे गणित त्यामानाने सोपे आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 पर्यंत 3, 91 ते 120 पर्यंत 4 आणि 121 ते 200 पर्यंत 5 शिक्षक असावेत. म्हणजे 40 पटाच्या शाळेत पाच इयत्ता आणि दोन शिक्षक, हे नियमाला धरूनच असते; मात्र बहुवर्ग अध्यापनात, म्हणजे एकच शिक्षक अनेक इयत्ता एकत्र शिकवतो तेव्हा, मुलाला गुरुजींचा किंवा बाईंचा थेट वेळ किती मिळतो, हे निकाल वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

आता निकाल. प्रगतिपत्रकावरची श्रेणी मोजताना ब-1 म्हणजे 71 ते 80 टक्के, क-2 म्हणजे 41 ते 50 टक्के, असे टप्पे असतात. वर्गात 7 मुले असतील तर एका मुलाने टक्केवारी 14 ने हलते, म्हणून लहान शाळेत टक्के लिहू नयेत, मुलेच मोजावीत. शिष्यवृत्तीच्या निकालातही पात्र ठरलेल्यांच्या आकड्याखाली बसलेल्यांची आणि त्याखाली पटावरच्या सगळ्यांची संख्या लिहावी. निवडक चार मुलांना बसवून चारही पात्र ठरवलेली शाळा आणि सगळ्या वर्गाला बसवून निम्मी पात्र ठरवलेली शाळा यांत मी दुसरीला अधिक मान देईन. मुलांचे वाचन-गणित तपासणारी असर किंवा परख यांसारखी सर्वेक्षणे निवडक मुलांच्या नमुन्यावर चालतात. त्यांतून जिल्ह्याचे किंवा राज्याचे चित्र कळते. तुमच्या गावच्या शाळेबद्दल त्यांतून काही सिद्ध होत नाही.

असरची पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे. मुलाला एकट्याला, शांतपणे बसवून दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट वाचायला द्यावी. ती जमली नाही तर सोपा परिच्छेद, मग शब्द, मग अक्षरे, असे खाली यावे आणि मूल सहज वाचते तो स्तर लिहून ठेवावा. गणितात हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे पुरेसे आहे. हे काम शिक्षकांना विश्वासात घेऊन, त्यांच्या सोबतीनेच करावे, कारण तपासणीचा वास आला की मुले घाबरतात आणि शिक्षक दुखावतात. जुलैमध्ये एकदा आणि मार्चमध्ये पुन्हा, त्याच मुलांची नोंद घेतली की अक्षरावरून परिच्छेदापर्यंत किती मुले सरकली, ते कळते. शाळेने काय केले, ते या सरकण्यात दिसते. तुलना करायचीच असेल तर आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, तशाच वस्तीच्या आणि तेवढ्याच पटाच्या शाळेशी करावी.

या नोंदींत मुलांची नावे, जात किंवा अपंगत्व यांचा उल्लेख येतो. ग्रामसभेत फक्त बेरजा वाचाव्यात. नावे मुख्याध्यापकांच्या कपाटातच राहावीत. कोणाचे मूल मागे आहे, हे चावडीवर कळले तर ते मूल उद्या शाळेतच येणार नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि शाळा विकास आराखडा तयार करणे ही तिचीच जबाबदारी आहे. तक्ता, महिनावार हजेरी आणि वाचनाचे दोन्ही वेळचे स्तर त्या आराखड्याला जोडावेत. पुढचा ठराव नेमका लिहावा: चौथीतली जी 5 मुले अजून शब्दांवर अडली आहेत, त्यांच्यासाठी रोज किती वेळ, कोण, कोणत्या खोलीत बसणार, आणि पुन्हा वाचून कधी पाहणार.