वूली बगरचं हॅकल सुटत होतं, तारेने सुटला प्रश्न (माझा अनुभव)

फ्लाय टायिंग (हुकवर पिसं-दोरा बांधून माशांसाठी खोटं आमिष, म्हणजे फ्लाय, बनवणं) नवीन शिकताय तर वूली बगरपासूनच सुरू करा, १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनियात रसेल ब्लेसिंगने बांधलेली ही फ्लाय, हुक मोठा असतो आणि जळूपासून छोट्या माशापर्यंत कशाचीही नक्कल होते. माझ्याकडे प्रॉब्लेम एकच, हिमाचलातल्या तीर्थन नदीत ब्राउन ट्राउट माशाने एकदा चावली की दातांनी हॅकलची (फ्लायभोवती गुंडाळलेल्या कोंबड्याच्या पिसाची) दांडी तुटायची आणि अख्खं पीस स्प्रिंगसारखं उलगडून लोंबायचं.

उपाय म्हणजे तांब्याची बारीक तार. आधी हुकवर थ्रेडचा बेस, मग हुकच्या दांडीएवढी माराबूची शेपटी (ही मऊ पिसं थोडी ओली करा, उडत नाहीत), तिथेच तार आणि शेनील (मऊ, केसाळ दोरा) बांधून घ्यायचं. शेनील गुंडाळत पुढे आणा पण हुकच्या डोळ्यामागे (दोरी ओवायच्या भोकामागे) जागा सोडा, हे फार महत्त्वाचं. आता हॅकल पुढे बांधून मागे शेपटीकडे चार-पाच वेढे न्यायचं, टोक तारेखाली दाबायचं आणि तार त्याच हाताने, त्याच दिशेने फिरवत पुढे आणायची. पीस मागे गेलंय आणि तार पुढे येतेय म्हणून तारेचा प्रत्येक वेढा पिसाच्या दांडीला आडवा छेदतो, खाली लपत नाही. तार किंचित डावी-उजवी हलवत न्या म्हणजे पिसाचे केस दबत नाहीत. शेवटी व्हिप फिनिश (थ्रेड सुटू नये म्हणून मारायची गाठ).

आता दांडी एका जागी तुटली तरी बाकीचं हॅकल जागेवर राहतं. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, तेवढ्यात डबा भरून ठेवा, आणि जाताना लायसन्स काढाच.