कपाशीवर फवारणी: रोज एकाच्याच पाठीवर पंप देऊ नका

ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशी छातीला लागते, मावा-तुडतुडे वाढतात आणि पंप खाली ठेवायला फुरसत मिळत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध कातडीतून आणि श्वासातूनही अंगात जाते, हे तेव्हा साऱ्या राज्याने पाहिले.

प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, क्विनालफॉस, ॲसिफेट ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे. जर्मनीत १९३६ मध्ये गेऱ्हार्ड श्राडर कीटकनाशके शोधत असताना त्याच्या हाती टाबून लागले, १९३८ मध्ये सारिन. युद्धातले हे विषारी वायू याच घराण्यातले. त्यांची जहालता कितीतरी जास्त, पण मारा एकाच जागी: मज्जातंतूंचा संदेश वेळेवर थांबवणारे कोलिनेस्टरेज हे एन्झाइम ती बंद पाडतात. मग लाळ, घाम, उलटी, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची थरथर, छातीत घुरघुर.

कातडी सगळीकडे सारखी नसते. तळहातापेक्षा कपाळ आणि जांघ औषध कितीतरी वेगाने शोषतात, घामेजलेल्या अंगावर तर आणखीच. म्हणून गळका पंप आणि भिजलेली पँट सर्वांत घातक. कपडे भिजले की तिथेच काढा, साबणाने अंग धुवा. ओळ संपायची वाट पाहू नका. नोझल तोंडाने फुंकू नका. फवारताना खर्रा तर नाहीच.

क्लोरपायरीफॉस, क्विनालफॉस यकृतात गेल्यावर जास्त जहाल रूप घेतात, म्हणून त्रास कधी घरी आल्यावर, रात्री सुरू होतो. औषधाचा बराचसा भाग काही दिवसांत लघवीवाटे निघून जातो, थोडा चरबीत दडून हळूहळू सुटतो. एन्झाइमचे मात्र तसे नाही. तांबड्या रक्तपेशींतले एन्झाइम दिवसाला सुमारे एक टक्का या गतीने भरून येते. आज थोडे, परवा थोडे असे घटत गेले, तर एरवी पचला असता तेवढा फवाराही माणसाला आडवा करतो. गावभर मजुरीने फवारणारा गडी आणि दिवसभर औषध कालवणारी बाई यांना हा धोका सर्वांत जास्त. पाळी बदला. सरकारी रुग्णालयात सोय असेल तर हंगामाआधी कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी करून घ्या.

लक्षणे दिसताच १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या. दूध, तेल पाजत बसू नका, मुद्दाम उलटी करवू नका. ॲट्रोपिन हा उतारा लागतो, काही रुग्णांना प्रालिडॉक्झिम हा दुसरा उताराही देतात. प्रालिडॉक्झिम उशिरा दिले तर फारसा उपयोग राहत नाही, कारण काही तासांतच विष एन्झाइमला कायमचे चिकटू लागते.

रुग्ण सावरला तरी घरी न्यायची घाई नको. काहींना एक ते चार दिवसांत मान उचलता येईनाशी होते, श्वास अपुरा पडतो. घरी आणल्यावर असे दिसले तर त्याच पावली परत दवाखाना. आणि त्या माणसाला उरलेल्या हंगामात पंपाला हात लावू देऊ नका, औषध कालवायलाही नाही.