लेझरने चष्म्याचा नंबर घालवताय? या चुका टाळा

चष्म्याचा नंबर घालवणारी लेझर शस्त्रक्रिया काही मिनिटांतच होते. नंतर उद्भवणाऱ्या तक्रारींचे मूळ मात्र पुष्कळदा त्याआधी उरकलेल्या तपासणीत आणि नंतरच्या काही आठवड्यांतील हलगर्जीपणात सापडते. गोव्यात या घाईची कारणे घरोघरची आहेत. जहाजावर नोकरी करणारा मुलगा दोन करारांच्या मधल्या सुट्टीत घरी येतो किंवा मुलीचे लग्न तोंडावर येते, आणि तेवढ्या दिवसांत डोळ्यांचेही काम करून टाकावे असे घरात ठरते.

या घाईत पहिली चूक कॉन्टॅक्ट लेन्सबाबत होते. लेन्सच्या दाबामुळे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा आकार किंचित बदलतो. तपासणीपूर्वी सॉफ्ट लेन्स निदान एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन ते चार आठवडे काढून ठेवल्या नाहीत, तर बदललेल्या आकाराचेच मोजमाप होते आणि लेझर त्यावरच चालतो. एवढे दिवस हाताशी नसतील, तर शस्त्रक्रिया पुढच्या सुट्टीवर ढकलणेच योग्य. वय अठरा पूर्ण झालेले असावे आणि गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्या डायऑप्टरपेक्षा (डायऑप्टर म्हणजे चष्म्याचा नंबर मोजण्याचे एकक) अधिक बदललेला नसावा. नंबर अजून वाढत असताना शस्त्रक्रिया केली, तर चष्मा पुन्हा लागू शकतो.

कॉर्नियाची जाडी न समजून घेता होकार देणे ही मला सर्वांत गंभीर चूक वाटते. कॉर्नियाची सरासरी जाडी सुमारे ५४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. लॅसिक या लेझर शस्त्रक्रियेच्या रूढ प्रकारात त्यातील साधारण ११० मायक्रॉनचा पापुद्रा, ज्याला फ्लॅप म्हणतात, उचलला जातो आणि खालच्या थरातून प्रत्येक डायऑप्टरमागे ढोबळमानाने १४ मायक्रॉन भाग लेझरने काढला जातो. समजा, जाडी ४८० आणि नंबर उणे आठ आहे. तर ११० आणि ११२ वजा जाता २५८ मायक्रॉन उरतात. फ्लॅपखाली किमान २५० मायक्रॉन उरावेत असा जुना संकेत आहे आणि अनेक शल्यचिकित्सक ३०० चा आग्रह धरतात, म्हणजे हा डोळा अगदी काठावर आला. अशा वेळी डॉक्टर नकार देतात किंवा डोळ्याच्या आत बसवायची लेन्स सुचवतात. तो नकार मानावा. ‘करून देणारा’ दुसरा दवाखाना शोधत पणजीहून मडगावला जाऊ नये. जाडी पुरेशी असूनही आकार बिघडलेला असू शकतो. केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो आणि त्यावर लॅसिक केल्यास दृष्टी आणखी ढासळते. म्हणून कॉर्नियाचा नकाशा काढल्याशिवाय तारीख घेऊ नये. डोळे सतत चोळण्याची सवय किंवा घरात कोणाला हा आजार असल्यास ते आपणहून सांगावे.

सांगायचे राहून जाणारे आणखीही काही असते: कोरडे डोळे, अनियंत्रित मधुमेह, संधिवात, मुरुमांसाठी चालू असलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, गर्भारपण किंवा अंगावर पाजणे. यांतील काहींमुळे जखम भरण्यावर, तर काहींमुळे नंबरावर परिणाम होतो. चाळिशी उलटलेल्यांनी हेही लक्षात घ्यावे की दूरचा नंबर गेला तरी वाचण्याचा चष्मा लागतोच.

शस्त्रक्रियेनंतर डोळे चोळल्यास फ्लॅप सरकू शकतो. म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस झोपताना संरक्षक कवच लावावे. समुद्र, नदी, झर आणि विहीर यांचे पाणी साधारण महिनाभर वर्ज्य मानावे. त्यामुळे सांजावच्या, म्हणजे २४ जूनच्या विहिरीत उड्या मारण्याच्या सणाच्या, आधीच्या आठवड्यांत किंवा शिगमोच्या, म्हणजे गोव्यातील होळीच्या, तोंडावर तारीख घेऊच नये. विहिरीतली उडी आणि गुलाल हे दोन्ही ताज्या जखमेला घातक आहेत. काजळही दोन आठवडे दूर ठेवावे.

सुरुवातीचे काही महिने डोळे कोरडे पडणे, दृष्टी दिवसभरात कमीजास्त होणे, रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे हे अपेक्षित असते. कृत्रिम अश्रूंचे थेंब नियमित घालावेत आणि वलये कमी होईपर्यंत रात्री दुचाकी चालवणे टाळावे. स्टेरॉइडचे थेंब मात्र फार्मसीतून परस्पर आणून लांबवू नयेत, कारण त्यांनी डोळ्यातील दाब वाढू शकतो. वाढत जाणारी वेदना, लाली, पू किंवा दृष्टी एकाएकी कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रविवार असला तरी थांबू नये.

मोठा उणे नंबर असलेल्यांचा डोळा शस्त्रक्रियेनंतरही आतून लांबच राहतो आणि दृष्टिपटल फाटण्याचा धोका टळत नाही. म्हणून डोळ्यांपुढे अचानक प्रकाश चमकू लागला किंवा काळे ठिपके वाढले, तर तातडीने तपासणी करावी. जुना नंबर आणि कॉर्नियाचे अहवाल यांची फाइलही जपून ठेवावी, कारण पुढे मोतीबिंदूच्या वेळी लेन्सची शक्ती ठरवताना डॉक्टरांना या आकड्यांचा उपयोग होतो आणि काचबिंदूसाठी दाब मोजताना, पातळ झालेल्या कॉर्नियामुळे तो प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो, हे त्यांना कळते.