योगिक आहारात होणाऱ्या चुका: यादी पाळली, पण मात्रा हुकली

कांदा-लसूण बंद, चहा बंद, ताटात मूग, भात, तूप आणि दूध. महिनाभर हे सगळं काटेकोर पाळूनही जेवल्यावर सुस्ती येते, पोट फुगतं, प्राणायामाला बसलं की श्वास मध्येच अडतो. मग दोष आहाराला दिला जातो. खरं तर बहुतेक वेळा काय खायचं याची यादी पाठ झालेली असते आणि किती व कधी खायचं हे राहून गेलेलं असतं. हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात आधी मिताहार, म्हणजे मोजकं खाणं, सांगितला आहे, पथ्य-अपथ्याची यादी त्यानंतर येते. हा क्रम उलटा केला की पुढच्या जवळपास सगळ्या तक्रारी सुरू होतात.

पाव पोट रिकामं कसं ठेवायचं?

घेरंडसंहिता या दुसऱ्या योगग्रंथात हिशेब सोपा आहे: अर्धं पोट अन्नासाठी, पाव पाण्यासाठी आणि पाव वायूच्या हालचालीसाठी मोकळं. इथे चुका दोन टोकांच्या होतात. काही जण पोटभर जेवून वर तांब्याभर पाणी पितात. काही जण पहिल्याच दिवशी जेवण निम्म्यावर आणतात, मग रात्री दहाला भूक खवळते आणि डब्यातला फरसाण संपतो.

आधी तीन-चार दिवस नेहमीसारखं जेवा, फक्त मोजा. समजा दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि दीड वाटी भात असं जेवण होतंय. आता दीड पोळी आणि एक वाटी भात घ्या. वरण-भाजीला हात लावू नका. कपात नेहमी पोळी-भातात करायची. डाळ कमी केली तर दोन तासांत पुन्हा भूक लागते. जेवताना पाणी लहान पेलाभर, साधारण १५० मिली, तेही घोट घोट. वरण पातळ असेल तर तेवढंही लागत नाही. आठवडाभर हे प्रमाण ठेवा आणि मगच पुढचा बदल करा.

ही जागा सोडण्यामागे शरीराचं साधं गणित आहे. जठर अन्न घुसळतं आणि त्याला हलायला जागा लागते. ते तुडुंब भरलं की वरच्या श्वासपटलावर (छाती आणि पोट यांमधल्या पडद्यावर) दाब येतो आणि श्वास उथळ होतो. त्याच दाबाने आम्ल अन्ननलिकेत चढतं आणि छातीत जळजळ होते. म्हणून पानावरून उठल्याबरोबर नाकाने एक सावकाश, खोल श्वास घेऊन पाहा. पोटात कुठे ताण न येता तो पूर्ण आत गेला तर मात्रा बरोबर. अर्ध्यावर अडला तर पुढच्या जेवणात दोन-तीन घास कमी करा. पहिली ढेकर आली की थांबावं असं आपल्याकडे म्हणतात, पण भराभर जेवणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये. घाईत गिळलेल्या हवेने ती फार लवकर येते.

पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात. दहा मिनिटांत ताट संपवणाऱ्याला मिताहार जमणं कठीणच. घास तोंडात असताना पुढचा घास हातात घ्यायचा नाही, एवढा एक नियम पाळला तरी वेग आपोआप उतरतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

तूप, दूध, खडीसाखर सात्त्विक आहेत म्हणून हात सैल

हठयोगप्रदीपिकेच्या पथ्यात गहू, तांदूळ, जव यांच्याबरोबर दूध, तूप, लोणी, साखर आणि मधही आहे. हे वाचून अनेक जण सकाळी दूध-तूप, दुपारी भातावर तुपाची धार आणि रात्री पुन्हा दूध सुरू करतात. पण त्याच ग्रंथात पुढे म्हटलं आहे की दूध-तुपाचं जेवण अभ्यासाच्या सुरुवातीच्या काळात चांगलं आणि अभ्यास पक्का झाल्यावर तसा नियम उरत नाही. शिवाय तो अभ्यास दिवसातून अनेक वेळा, दीर्घ कुंभकांसह (श्वास रोखून धरण्यासह) चालायचा. रोज पाऊण तास आसनं आणि उरलेला दिवस खुर्चीत, अशा माणसासाठी जेवणाला एक चमचा (५ मिली) आणि दिवसभरात दोन-तीन चमचे तूप पुरे. रात्री दूध पिऊन सकाळी जिभेवर जाड पांढरा थर आणि घशात कफ जाणवत असेल तर ते निम्मं करा किंवा सकाळी घ्या. दुधाने पोट गुडगुडत असेल तर सरळ सोडा.

उलट टोकाची चूकही तितकीच नेहमीची आहे. दही आणि ताक प्रदीपिका आणि घेरंडसंहिता या दोन्ही ग्रंथांत वर्ज्य आहेत, म्हणून वर्षानुवर्षं सोसत आलेलं दुपारचं ताजं, गोडसर ताकही काही जण बंद करतात आणि मग पोट साफ होत नाही म्हणून चूर्णं शोधतात. योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत प्रदीपिकेने अतिआहाराबरोबर नियमाग्रहही, म्हणजे नियमाचा हट्टही, मोजला आहे. यादीतला पदार्थ सोडण्याआधी आपल्या पोटाचं मत जरूर घ्यावं.

कच्चं आणि कोरडं

सात्त्विक म्हणजे फळं आणि कच्च्या भाज्या, अशी एक समजूत आहे. गीतेत सात्त्विक आहार रसाळ, स्निग्ध आणि टिकाऊ बळ देणारा सांगितला आहे, रूक्ष अन्न राजसात घातलं आहे. एकदम दोन वाट्या कोशिंबीर, मोडाची कडधान्यं आणि कोरडी भाकरी सुरू केली तर वात धरणारच. कच्चं एका वेळी अर्ध्या वाटीवर नको आणि रात्री तर नकोच. मूग चालतात, पण अख्खे असतील तर सहा ते आठ तास भिजवून, पाणी बदलून, पूर्ण मऊ शिजवलेले.

पोट बिघडलेल्या आठवड्यात रात्रीला खिचडी उत्तम. दोघांसाठी अर्धी वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मुगाची डाळ अर्धा तास भिजवा. चमचाभर तुपात जिरं, हळद, अर्धा इंच किसलेलं आलं घालून परता, चार वाट्या पाणी आणि बेताचं मीठ घाला, कुकरच्या तीन-चार शिट्ट्या करा. चमचा तिरका केल्यावर ती सावकाश घसरली पाहिजे. गोळा होऊन चिकटली तर पाणी कमी पडलंय, गरम पाणी घालून सारखी करा.

वेळेचा घोळ

पोटभर जेवणानंतर आसनांना तीन ते चार तास, हलक्या खाण्यानंतर दोन तास अंतर ठेवा. सकाळच्या अभ्यासात मळमळ किंवा आंबट पाणी येत असेल तर आधी रात्रीच्या जेवणाची वेळ तपासा. ते झोपेच्या दोन-तीन तास आधी उरकलं पाहिजे. अभ्यासानंतर अर्धा तास थांबून खा. जेवणानंतर चालण्यासारखं एकच आसन म्हणजे वज्रासन, पाच-दहा मिनिटं, तेही गुडघे दुखत नसतील तर.

आठवड्याची भाजी एकदम करून रोज तापवणंही टाळा. प्रदीपिकेने पुन्हा गरम केलेलं अन्न अहितकर म्हटलं आहे आणि भाताच्या बाबतीत तर यात खरोखर धोका आहे. बाहेर राहिलेल्या भातात काही जिवाणू असं विष तयार करतात की ते तापवूनही जात नाही. उरलंच तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच काढून एकदाच वाफाळेपर्यंत गरम करा.

उपवासाचा अतिरेक

दिवसभर निर्जळ आणि संध्याकाळी ताटभर साबुदाण्याची खिचडी, यात पोटाला विश्रांती कुठे मिळते? घेरंडसंहिता तर एकाहार (दिवसातून एकदाच जेवणं) आणि निराहार (काहीच न खाणं) दोन्ही टाळायला सांगते. करायचाच असेल तर एक वेळचं जेवण वगळा, पाणी चालू ठेवा आणि कोमट पाणी, तांदळाची पेज किंवा मुगाचं कढण असा क्रम ठेवून सोडा. डोकं दुखणं, हात थरथरणं, विनाकारण चिडचिड ही थांबण्याची खूण आहे.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण वगळू नये, साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, वाढत्या मुलांनी पाव पोटाचा नियमही लावून घेऊ नये.

आणि सगळं नीट चालू असूनही थकवा जात नसेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा जीभ लाल होऊन चुरचुरत असेल, तर आहारात आणखी फेरफार करत बसू नका. वनस्पतिजन्य अन्नात ब-१२ जीवनसत्त्व जवळपास नसतं. यकृतातला साठा बराच काळ पुरतो, त्यामुळे कमतरता कित्येकदा काही वर्षांनी उघड होते. दूध-दही कमी किंवा बंद केलेल्यांनी ही रक्ततपासणी करून घ्यावी आणि कमी निघाल्यास डॉक्टर सांगतील ती गोळी किंवा इंजेक्शन घ्यावं.