मुलीकडे लिस्बनला जाताय? मेट्रोतल्या टाइल्स अशा बघा

परदेशी मुलीकडे तीन महिने राहून आलेल्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी साडेआठला मुलगी-जावई कामावर जातात आणि संध्याकाळी सातपर्यंत आपण दोघं आणि चार भिंती. मी पहिला आठवडा भिंतीच बघितल्या. ३४ वर्षं डोंबिवली-ठाण्यात लादीकाम केलेलं. कुणाच्या घरी गेलो तरी चहाच्या आधी डोळे सांध्यांवर जातात. हिला त्याची लाज वाटते.

लिस्बनला जाणारा माणूस टाइल्सचं म्युझियम बघतो, जुन्या गल्ल्यांतली घरं बघतो, फोटो काढतो, परत येतो. पण या शहरातलं जे टाइलकाम रोज लाखो लोकांच्या खांद्याला घासून जातं, ते जमिनीखाली आहे. मारिया कैल या चित्रकार बाईचं. जन्म १९१४, मृत्यू २०१२. लिस्बनची मेट्रो २९ डिसेंबर १९५९ ला ११ स्टेशनांनी सुरू झाली. स्टेशनांचा आराखडा तिच्या नवऱ्याचा, फ्रान्सिस्कु कैल दु आमाराल यांचा, आणि भिंतींच्या टाइल्स तिच्या. १९७२ पर्यंत स्टेशनं २० झाली, त्यांतल्या १९ ठिकाणी तिचं काम. तिने या कामाचे पैसे घेतले नाहीत, असं सांगतात. त्या काळी तिथेही टाइल म्हणजे स्वयंपाकघर आणि बाथरूमची गोष्ट समजली जायची. मला हे वाचून बरं वाटलं, आपल्या धंद्याकडे सगळीकडे एकाच नजरेने बघतात.

आता कसं बघायचं ते सांगतो.

आदल्या रात्री एक काम करा. सोळा चौकोनी कागद कापा. प्रत्येकावर कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी रेघ मारा आणि एक बाजू पेनाने काळी करा. झाली तुमची टाइल. ही एक टाइल चार तऱ्हांनी बसते. चार टाइल्सचा एक चौक धरला, तर बसवायच्या २५६ तऱ्हा होतात. माझा यावर विश्वास बसेना, जावयाने गुणाकार करून दाखवला. अर्धा तास ते कागद फिरवत बसा. बाणाचं टोक दिसेल, चक्री दिसेल, पायऱ्या दिसतील. नातवंड असेल तर त्याच्याकडून करून घ्या, ते तुमच्यापेक्षा लवकर शिकेल. हे केल्याशिवाय स्टेशनात गेलात, तर नुसतं ‘छान आहे’ म्हणून दोन मिनिटांत बाहेर पडाल.

तिकीट चोवीस तासांचं घ्या. नावेगान्ते नावाचं कार्ड मशीनमध्ये मिळतं, त्यावर भरायचं. एकेरी तिकिटाला अर्थ नाही, कारण आपल्याला दर स्टेशनाला गेटच्या आतबाहेर करायचं आहे. सकाळी दहानंतर निघा. गर्दीच्या वेळी भिंतीकडे तोंड करून उभं राहिलात तर लोक धक्के देतील, आणि त्यांचं काही चुकत नाही. खिसेकापू तिथेही आहेत, पिशवी पोटाशी धरा.

सुरुवात हिरव्या लाइनवरच्या इन्तेन्देन्त स्टेशनापासूनच करा. हे १९६६ चं, आणि जाणकार तिचं सगळ्यात चांगलं काम म्हणून याच्याकडे बोट दाखवतात. गाडीतून उतरल्यावर लोकांबरोबर धावू नका, सगळ्यांना जाऊ द्या. मग भिंतीपासून चार पावलं मागे उभं राहून एकच प्रश्न विचारा: नक्षी पुन्हा कुठून सुरू होते? डोळ्याने एक खूण पकडा आणि आडवं चालत जा, तीच खूण परत येईपर्यंत टाइल्स मोजा. तिकडची टाइल १४ सेंटीमीटरची चौरस असते. आपल्याकडच्या जुन्या बाथरूममधली सहा बाय सहाची पांढरी टाइल आठवा, त्याहून बोटभर लहान. मोजून झालं की भिंतीजवळ जा आणि त्या चौकातली एकच टाइल निवडा. तीच टाइल फिरवून शेजारी कुठे लावली आहे ते शोधा. इथे आदल्या रात्रीचे कागद कामाला येतात.

मग जिना. कुठल्याही मिस्त्रीला विचारा, सपाट भिंत कोणीही भरतं, परीक्षा जिन्याला आणि कोपऱ्याला असते. उताराला टाइल कापावीच लागते. कटपीस कुठे टाकलाय, नक्षी कोपऱ्यावर तुटली की वळून पुढे गेली, हे बघा. मी तिथे इतका वेळ वाकून उभा होतो की एका म्हाताऱ्या बाईने मला बरं वाटत नाहीये का, असं हातवाऱ्यांनी विचारलं.

या भिंतींवर चेहरे नाहीत, घोडे नाहीत, जहाजं नाहीत. पोर्तुगीज टाइल म्हटली की आपल्याला निळ्या रंगातली चित्रं आठवतात. पणजीला आझाद मैदानाजवळ मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात जॉर्ज कोलासोंनी रंगवलेली आहेत, तशी. तिथे गोष्ट वाचायची असते. कैलबाईंच्या भिंतीत गोष्ट नाही, चाल आहे. चालता चालता बघायची म्हणूनच ती केली आहे.

इन्तेन्देन्तहून वर चौकात या. समोरच वियुव्हा लामेगो कारखान्याची जुनी इमारत आहे. नावाचा अर्थ ‘लामेगोची विधवा’. कारखाना १८४९ चा, आणि मेट्रोच्या टाइल्स याच कारखान्याने भाजल्या. दर्शनी भिंत वरपासून खालपर्यंत चित्रांच्या टाइल्सनी भरलेली आहे. ती ज्याने रंगवली त्या लुईश फेरेराला लोक ‘पाट्यांवाला फेरेरा’ म्हणायचे, कारण तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. ही भिंत आणि खालचं स्टेशन, दोन्हींत शंभर वर्षांचं अंतर. पाच मिनिटांत दोन्ही बघितलं की कैलबाईंनी काय काय गाळलं ते कळतं.

चहाची तलफ आली तर बेन्फोर्मोजो रस्त्याने मार्तिम मोनिझकडे चालत जा. बांगलादेशी दुकानं आहेत, दुधाचा चहा मिळतो. हिला तिथे कढीपत्ताही मिळाला.

परत गाडी पकडून आलामेदाला उतरा, लाल लाइन घ्या, साल्दान्यानंतर शेवटचं स्टेशन साओ सेबास्तियाओ. इथलं मूळ स्टेशन १९५९ चं. लाल लाइन २००९ मध्ये इथवर आली तेव्हा ते वाढवलं, आणि नव्या भिंतींसाठीही कैलबाईंचंच काम घेतलं. तेव्हा त्या पंचाण्णवच्या घरात. इथे हात लावून बघायला हरकत नाही, मी लावला.

बाकी बऱ्याच स्टेशनांत त्यांचं काम राहिलेलं नाही किंवा तुकड्यांनी राहिलं आहे. कारण साधं आहे. सुरुवातीला गाड्या दोन डब्यांच्या होत्या. डबे वाढले, फलाट लांबवावे लागले, भिंती फुटल्या. आरोयुश स्टेशन सहा डब्यांसाठी २०१७ पासून चार वर्षं बंद होतं. पुढे नवे कलाकार आले: झूलॉजिकल गार्डनच्या स्टेशनात जुलियु रेझेन्दे यांचे प्राणी, पार्क नावाच्या स्टेशनात फ्रान्स्वाझ शाइन आणि फेदेरिका माता यांच्या गडद निळ्या भिंती. वाईट नाहीत. पण पार्कमध्ये प्रत्येक टाइल तुमच्याशी बोलायला येते, मला दहा मिनिटांत दमायला झालं. आव्हेनिदा स्टेशन मात्र पहिल्यापासून रोजेरियु रिबेरु यांचं, ते कैलबाईंच्या नावावर खपवू नका. माझ्या जावयाने खपवलं होतं.

शेवटचं ठिकाण जमिनीवर आहे. मार्केश दि पोम्बालहून पिवळ्या लाइनने राटोला जा, तिथून एस्त्रेलाची बाग चालत पंधरा-वीस मिनिटं. बागेच्या पलीकडून आव्हेनिदा इन्फान्ते सान्तु हा रस्ता नदीकडे उतरतो. उतारानेच जा, उलटं चढू नका, गुडघ्यांसाठी सांगतोय. रस्त्याकडेला उंचावर इमारती आहेत आणि तिथे जाणाऱ्या जिन्यांच्या बाजूला मोठी टाइलचित्रं. कैलबाईंचं ‘ओ मार’, म्हणजे समुद्र, १९५८-५९ चं आहे. इतर जिन्यांवर दुसऱ्या चित्रकारांची आहेत.

इथे उलट पद्धत वापरा. आधी लांबून, समोरच्या फुटपाथवरून बघा. तिरक्या तुकड्यांची भूमितीच दिसते, मग त्यातून माणसं हळूहळू वर येतात. मग रस्ता ओलांडून जवळ जा आणि सांधे बघा. मी खालच्या ओळीतल्या टाइल्स मोजायला घेतल्या. ही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून म्हणाली, तुम्हाला हे काम दिलं असतं तर किती दिवस लागले असते? मी म्हटलं, दोन मिस्त्री, दोन बिगारी, आणि कुठली टाइल कुठे हे सांगायला एक माणूस कायम हजर. ती म्हणाली, तो माणूस म्हणजे ती बाई ना? आणि माझी मोजणी चुकली.