एअर इनटेकचा पाईप तडकलाय? फेविक्विक उघडायच्या आधी या चुका टाळा

गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की बोनेटखालचं प्लास्टिक गरमी खाऊन खाऊन कडक होतं आणि कधीतरी तडकतंच, त्यात नवल काही नाही. बाहेरची हवा फिल्टरमधून इंजिनात नेणारा एअर इनटेकचा पाईपही त्यातलाच. पण तडा दिसला रे दिसला की काहीतरी फासून मोकळं व्हायचं, ही घाई नडते.

आधी तडा कुठेय ते बघा. फिल्टरच्या अलीकडे, जाळीकडून हवा येते त्या पाईपला असेल तर फार टेन्शन नाही, आवाज वाढेल, इंजिनची गरम हवा ओढली जाईल, बस. फिल्टरच्या पुढे, म्हणजे फिल्टर बॉक्स आणि थ्रॉटल बॉडी (एक्सिलरेटर दाबला की इंजिनात हवा सोडणारी झडप) यांच्या मधे असेल तर मात्र न गाळलेली धूळ सरळ सिलेंडरमधे, मग पिस्टनच्या रिंगा आणि सिलेंडरचा बोअर घासून गाडी ऑइल खायला लागते. आणि जुनी अल्टो, वॅगन आर अशा मॅप सेन्सरवाल्या (थ्रॉटलच्या पुढच्या हवेचा दाब मोजणाऱ्या) गाड्यांत या तड्याने चालवताना काहीच जाणवत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कोणी बघतही नाही. एअरफ्लो सेन्सरवाल्या (आत जाणारी हवाच मोजणाऱ्या) पेट्रोल गाडीत लगेच कळतं, कारण सेन्सरच्या पुढून घुसलेली हवा मोजलीच जात नाही, मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडलिंग वरखाली, चेक लाईट, स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे मिक्श्चर लीन असल्याचा कोड. यावर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बदलून देणारे महाभाग पण आहेत. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

पाईप वरून बघून ‘ठीक आहे’ म्हणू नका. तो काढा, अंधारात आत टॉर्च घाला आणि पाईपच्या भात्यासारख्या घड्या ताणून फिरवत बघा, तडा असला की उजेडाची बारीक रेघ दिसते, आणि ती बहुतेकदा खालच्या बाजूला, जिथे हात जात नाही तिथे. चालू इंजिनवर कार्ब क्लीनरचे फवारे मारून लीक शोधायचा उद्योग नको, तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर पेट घेतो.

आता चिकटवायचं. इथे सगळे फसतात, कारण प्लास्टिक कुठलं ते कोणी वाचतच नाही. पार्टवर छोट्या अक्षरात छापलेलं असतं. पीपी असेल तर ते पॉलीप्रॉपिलीन, त्याला फेविक्विक, एमसील, अराल्डाईट काहीच नीट धरत नाही, सुकल्यावर नखाने पापुद्रा निघतो. ते वेल्डच करायला, म्हणजे वितळवून जोडायला लागतं, आणि त्यात भरायचा रॉड पण पीपीचाच. पीए६ किंवा पीए६६ असेल, पुढे जीएफ३० वगैरे, तर तो काच घातलेला नायलॉन. त्यावर अराल्डाईट बऱ्यापैकी बसतं, पण तेलकटपणा पूर्ण काढून, पॉलिश पेपरने घासून, आणि रात्रभर हात न लावता. दोन्हीत तड्याच्या टोकाला २-३ मिमीचं भोक आधी पाडा, नाहीतर तडा चिकटवलेल्या जागेच्या पुढे सरकतो.

वेल्ड करताना साधी सोल्डरिंग गन फार तापते, पीपी १६० अंशांच्या आसपासच वितळतं, धूर यायला लागला की प्लास्टिक जळालं समजा. आणि काम झाल्यावर पाईप आतून पुसा, भुसा राहिला तर तो इंजिन ओढणार. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आत लावू नका, ऑक्सिजन सेन्सरला मानवत नाही.

हे सगळं करून महिन्याभरात परत त्याच जागी तडकलं तर गम बदलू नका, इंजिन माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) बघा. माउंटिंग दबून खराब झालं की रेस केल्यावर इंजिन हिसका मारतं आणि पाईप ताणला जातो. फिल्टर बॉक्सचा एखादा बोल्ट किंवा रबर गायब असेल तरी तेच. होज क्लिप जीव खाऊन आवळल्याने पण प्लास्टिकचं तोंड तडकतं.

डिझेल टर्बोची गोष्ट वेगळी. टर्बोच्या पुढचा, प्रेशरवाला पाईप चिकटवूच नका, टिकत नाही, बदला. नवीन मिळत नसेल तर कुर्ल्याला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात सापडतो, फक्त तिथेही घेताना घड्या ताणून बघा, तोही तेवढ्याच वयाचा असतो.