चाचणीला निघण्यापूर्वी: फोन आशाताईंचाच हवा

आरोग्य नोंदींच्या ॲपची वापरसुलभता तपासण्यासाठी मागच्या वर्षी मी हिंगणा तालुक्यात घेतलेली चाचणी अगदी विनासायास पार पडली आणि तिथेच आमची फसगत झाली, कारण ती आम्ही नागपुरातून नेलेल्या कोऱ्या, मोठ्या पडद्याच्या फोनांवर झाली होती. पंधरवड्याने तेच ॲप आशाताईंच्या, म्हणजे गावोगावच्या आशा स्वयंसेविकांच्या, फोनवर उतरेना. म्हणून आता पारशिवनीला निघणाऱ्या चमूने सर्वांत आधी हे लिहून ठेवावे, की चाचणी ताईंच्या स्वतःच्या फोनवरच घ्यायची आहे.

ताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांमार्फत निरोप देताना ‘फोन रिकामा करून आणा’ असे चुकूनही सांगू नये. फोटोंनी भरलेली मेमरी, तडा गेलेली काच, मोठी करून ठेवलेली अक्षरे हे सारे आहे तसेच हवे. अक्षरे मोठी असली की ‘जतन करा’ हे बटण कीबोर्डखाली दडते आणि भरलेली नोंद वाया जाते. आमच्या कोऱ्या फोनवर हे दिसणारच नव्हते. पुन्हा सांगतो, फोन त्यांचाच.

संमतीपत्रे, चार्जर, चहापाणी यांविषयी वेगळे सांगायला नको.

‘ॲप कसे वाटले?’ हा प्रश्न टाळावा, कारण पाहुण्यांसमोर सगळ्याच ‘छान आहे’ म्हणतात. त्याऐवजी काम द्यावे: काल्पनिक गरोदर मातेची नोंदणी करणे, किंवा नवजात बाळाच्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवसांच्या गृहभेटींपैकी राहून गेलेली एखादी भेट नंतर भरणे. शेवटच्या पाळीची तारीख मात्र ‘तान्ह्या पोळ्याच्या दोन दिवस आधी’ अशा शब्दांत द्यावी, कारण घरोघरी ती अशीच सांगितली जाते आणि ॲपमधील कॅलेंडरला सण ठाऊक नसतात. त्या वेळी ताई कागदी नोंदवही उघडतात की नाही, हे नीट पाहावे. मदतीला धावू नये. खऱ्या मातांची माहिती पडद्यावर येऊ नये यासाठी चाचणीचे वेगळे खाते आधीच तयार ठेवावे, कारण फोन त्यांचाच असणार आहे. (असेल ना?)

पेंचच्या जंगलालगत नेटवर्कचा भरवसा नसतो, तेव्हा एक नोंद विमान मोडवर भरून नंतर सिंक करून पाहावी. एक फेरी अंगणातल्या उन्हात घ्यावी.

वापरसुलभता मोजणारी जॉन ब्रूक यांची 1986 मधील 10 विधानांची प्रश्नावली शेवटी वाचून दाखवावी. तिच्यातील सम क्रमांकांची विधाने नकारार्थी असल्यामुळे मराठीत गोंधळ होतो, म्हणून ती सावकाश वाचावीत. 100 पैकी येणारे गुण म्हणजे टक्केवारी नव्हे.

टिपणे त्याच संध्याकाळी लिहावीत. निघण्यापूर्वी ताईंच्या फोनवरून चाचणीचे खाते काढावे आणि खर्च झालेल्या डेटाचे रिचार्ज करून द्यावे.